चौथ्यातून तिसऱ्यात

धारूर तालुक्यात गाडी चालवणारे पुष्कळ आहेत, पण गाडीचा गिअर नीट उतरवता येणारा माणूस एकच आहे आणि तो म्हणजे आपण, असं सतीशचं ठाम मत होतं. हे मत त्यानं खूप अभ्यास करून बनवलं होतं. म्हणजे मोबाईलवर व्हिडिओ बघून.

व्हिडिओतला माणूस कुठल्यातरी परदेशातला होता. त्याचा चेहरा एकदाही दिसत नसे, दिसायचे ते नुसते पाय. पण सतीशचं त्यामुळं काही अडलं नाही. तो म्हणायचा, "चेहऱ्यावरून माणूस कळत न्हाई. पायावरून कळतो." हे वाक्य पुढं आपल्याच अंगावर येणार आहे, याची त्याला तेव्हा कल्पना नव्हती.

गिअर चढवणं काय, कुणालाही जमतं. खरी विद्या उतरवण्यात! चौथ्यातून तिसऱ्यात यायचं तर डाव्या पायानं क्लच दाबायचा, उजव्या पायाच्या चवड्यानं ब्रेक धरायचा, आणि त्याच उजव्या पायाची टाच वळवून ॲक्सिलेटरला हळूच टिचकी मारायची. मग तुपात बोट बुडवावं तसा गिअर अलगद बसतो, गाडीला हिसका म्हणून बसत नाही. पेडल तीन, पाय दोन, आणि काम सगळं एकाच वेळी! याची गरज कुणाला असते? शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्यांना. सतीश एका खासगी शाळेत क्लार्क होता.

गाडी त्याच्या वडिलांची, म्हणजे शहादेवांची. पोस्टातून रिटायर झाल्यावर त्यांनी ती जुन्या बाजारातून घेतली, पण तिला जुनी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "आपल्या घरात नवीनच हाय ना?" आधीच्या मालकानं सीटवरचं प्लास्टिक काढून टाकलं होतं, ते शहादेवांनी नवीन आणून परत चढवलं. गाडीत बसताना चपला काढायच्या आणि डिक्कीत ठेवायच्या, हा घरचा कायदा. "घरात चपला घालून येता का? मग गाडीत कावून?" त्यामुळं सतीशची विद्या अनवाणी होती.

"दादा, गिअर उतरवायची एक पद्धत असते," सतीशनं एकदा वडिलांना समजावून सांगितलं.

"एवढा उपद्व्याप कावून करायचा?"

"गाडीला झटका बसत न्हाई."

"मला तर आजपस्तोर कधी बसला न्हाई झटका."

"तुमी गाडी चालवत न्हाई, दादा. तुमी पुसता."

शहादेवांनी फडकं झटकलं आणि दुसऱ्या बाजूचा आरसा पुसायला घेतला.

चालत्या गाडीत एकदम प्रयोग नको, म्हणून सतीशनं सराव घरात सुरू केला. खुर्चीखाली डावीकडं वीट, तो क्लच. मधे पोळपाट, तो ब्रेक. उजवीकडं पाण्याची रिकामी बाटली, कारण ती दाबली की चर्र आवाज व्हायचा आणि इंजिन असल्यासारखं वाटायचं.

"माझा पोळपाट कुठं गेला?" मालनबाई, म्हणजे सतीशची आई, स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"ब्रेक हाय तो, आई."

"पोळपाटाला पाय लावतोस, मुडद्या? अन् त्याच पोळपाटावरची चपाती खातोस?"

"म्हणून तर आजकाल भाकरी खातोय."

शाळेतही हाच प्रकार. टेबलाखाली कायम खडखड चालायची. मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं उंदीर झालेत. त्यांनी टेबलाखाली पिंजरा लावायला सांगितला. सतीशनं तो ॲक्सिलेटर म्हणून वापरला.

होता होता पाय इतके तयार झाले की त्यांना सतीशची गरज राहिली नाही. कुणी वरच्या आवाजात बोललं की पाय आपोआप चौथ्यातून तिसऱ्यात. लाईट गेली की तिसऱ्यातून दुसऱ्यात. त्याचा मित्र नवनाथ पिकअपमधून टोमॅटो वाहायचा. दिवसभर गिअर टाकून त्याचा हात दुखायचा, त्याला हे बघवत नसे.

"तुला येड लागलंय बे," तो म्हणायचा. "आमी पोटासाठी गाडी चालवतो. तू खुर्ची चालवतोस!"

हे सगळं कदाचित असंच चालू राहिलं असतं आणि पोळपाटापलीकडं कुणाचं नुकसान झालं नसतं. पण मधे आम्रपालीचं स्थळ आलं.

आम्रपाली अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. घर घाटाखालच्या एका गावात. आजवर आलेल्या स्थळांनी फोनवर सतीशला पगार विचारला होता, शेत विचारलं होतं, एकीनं तर आईचा स्वभाव विचारला होता. आम्रपालीनं विचारलं, "तुम्हाला हसायला येतं का?"

"येतं," सतीश म्हणाला, "पण आपोआप येत नाही. कारण लागतं."

पलीकडून ती हसली. सतीशचं तिथंच ठरलं. आता फक्त बाकीच्या जगाचं ठरायचं होतं.

मुलगी बघायला जायचा रविवार उजाडला. सतीश ड्रायव्हर, शेजारी शहादेव, मागं मालनबाई आणि नवनाथ. सगळ्यांच्या चपला डिक्कीत. मालनबाईंच्या मांडीवर सीताफळांची पाटी. पाव्हण्यांकडं मोकळ्या हातानं कसं जायचं? फळं अशी पिकलेली की त्यांच्याकडं रोखून बघितलं तरी फुटतील.

घाट उतरताना पुढं उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला, रमतगमत चाललेला. सतीशच्या अंगात वारं भरलं.

"दादा, आता बघा. चौथ्यातून तिसऱ्यात!"

"मी रस्ता बघतो. तू बी रस्ताच बघ!"

क्लच दाबला. चवडा ब्रेकवर बसला. टाच वळली आणि ॲक्सिलेटरला टिचकी मारायला गेली. पण अनवाणी टाच, वर घाम! ती टिचकी मारायला म्हणून गेली आणि मुक्कामाला राहिली. इंजिननं अशी आरोळी ठोकली की पुढच्या ट्रॅक्टरवाल्यानं मागं न बघताच ट्रॅक्टर कडेला घेतला. सतीश दचकला आणि त्यानं आधी सगळंच एकदम सोडलं, मग सगळंच एकदम दाबलं. गाडी आधी मागच्यांना सीटवर आपटून गेली, मग पुढं ओणवी झाली. मालनबाई जागेवर राहिल्या. सीताफळं राहिली नाहीत.

गाडी थांबली तेव्हा शहादेवांच्या मानेवरून पांढरा गर ओघळत होता आणि त्यात काळ्या बिया चमकत होत्या. शहादेवांनी सावकाश मागं वळून सीट बघितली.

"प्लास्टिक हुतं म्हणून वाचली!" ते म्हणाले. इतके समाधानी ते रिटायरमेंटच्या निरोपातही दिसले नव्हते.

घाटाखाली पोचले तेव्हा चौघांच्याही अंगावर कुठं ना कुठं बिया होत्या. जयभीम झाले, पाणी झालं. मुलीचे वडील श्रीरंगराव समोर बसले, त्यांच्या शेजारी आम्रपाली. आणि श्रीरंगरावांची थोरली बहीण, चतुराबाई आत्या, खाली सतरंजीवर बसली. गुडघ्यांमुळं तिला खुर्ची चालत नसे. भावकीतली सगळी लग्नं तिच्या हातून जमलेली, आणि जी जमली नाहीत तीही तिच्याच हातून.

आता बघा, चपला दाराबाहेर. सतीश खुर्चीवर. आत्या जमिनीवर. म्हणजे आत्याच्या डोळ्यांसमोर सतीशचा चेहरा नव्हता. पाय होते.

"नोकरी परमनंट हाय का?" श्रीरंगरावांनी विचारलं.

"होईल," सतीश म्हणाला. खाली डावा पाय फरशीवर दाबला गेला, उजव्याची टाच बाहेर वळली. चौथ्यातून तिसऱ्यात.

"घर सोताचं?"

"दादांचं आहे." तिसऱ्यातून दुसऱ्यात.

"दारूबिरू?"

थेट पहिल्यात! सतीश दारू पीत नव्हता, पण प्रश्नच तसा उताराचा होता.

आत्या पोहे खायची थांबली. तिनं मान वाकडी करून आधी डावा पाय बघितला, मग उजवा बघितला, मग पुन्हा डावा. सतीशला वाटलं म्हातारी लाजाळू आहे, मान वर करत नाही. आम्रपालीचीही नजर खालीच होती. ज्या नजरेसाठी एखाद्यानं जीव टाकावा, तसल्या नजरेनं ती सतीशकडं बघत होती. फक्त गुडघ्याच्या खाली.

"श्रीरंगा," आत्यानं ताटली बाजूला ठेवली, "आमच्या टायमाला पोरीला चालून दाखवाय लावायचे. मला बी लावलं हुतं, दारापसून रांजणापस्तोर. पाय अधू हाय का बघाय. आता टाईम बदललाय म्हणत्यात. मग बदलू द्या की! पाव्हणं, जरा उठून चालून दाखवा."

शहादेवांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली.

"पोराला?" शहादेव म्हणाले.

"कावून? पोराला पाय नसत्यात का?"

"आमच्या पोराच्या पायाला काय बी झालेलं न्हाई!" मालनबाई उसळल्या.

"तेच बघू म्हणते."

सतीश हसतमुखानं उठला. चालण्यात काय, ते तर तो लहानपणापासून करत आला होता! पण घाटापासून सारखी वळवलेली उजवी टाच, त्यात बसल्या बसल्या उतरवलेले गिअर. पायाला मुंग्या आल्या होत्या. मुंग्या कसल्या, वारूळच! उजवा पाय त्यानं टाकला, पण तो कुठं पडला हे त्याला कळलं नाही. फरफटत, एका बाजूला झुकत, चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून तो फ्रिजपर्यंत पोचला आणि आधारासाठी त्यानं दांडी पकडली. फ्रिज उघडला. आत वाकून त्यानं दुधाचं पातेलं बघितलं, मान डोलावली आणि दार लावलं. दुसरं काय करणार?

मित्राची अडचण बघून नवनाथ मदतीला धावला. मित्र असावा तर असा, असं शत्रूलाही वाटावं.

"आत्या, त्याच्या पायाला आजार न्हाई ओ! नुस्ता हलतो. हाफिसात बी हलतो, जेवताना बी हलतो. झोपेत तर आमाला लाथा बसत्यात. पर लयीत बसत्यात!"

खरं सांगून टाकावं असं सतीशच्या मनात आलं. पण सगळ्यांसमोर, कानामागं सीताफळाची बी घेऊन, 'मी मनातल्या मनात गिअर उतरवत होतो' हे वाक्य काही केल्या तोंडाबाहेर पडेना.

"कळवतो," निघताना श्रीरंगराव म्हणाले. कळवतो या शब्दाचा अर्थ लग्नाच्या बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळतो. परतीला सतीशनं सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्येच चढवला.

पण आठवड्याभरानं फोन आला. तोही श्रीरंगरावांचा!

"आमी नवीन गाडी घेतलीय. आम्रपालीला सामान द्यायला अंबाजोगाईला जायचंय. माझा हात जरा ठणकतोय. तुमी चालवता का?"

श्रीरंगरावांचा हात ठणठणीत होता. झालं होतं असं की, आम्रपालीनं घरात सांगितलं, मुलगा मला आवडलाय, पण त्या पायाचं काहीतरी आहे, वेळेत दाखवलं पाहिजे. सरळ बोलावलं तर पुरुषमाणूस येणार नाही, तेव्हा काहीतरी निमित्त काढून दवाखान्यात आणा. हे सतीशला नंतर कळलं. त्या वेळी त्याला एवढंच कळलं की आपल्याला एक संधी मिळालीय.

"माझ्या पायावर शंका घेतली ना?" तो नवनाथला म्हणाला. "आता त्यांना माझे पायच दाखवतो. असा गिअर उतरवतो की म्हातारी म्हणंल, असले पाय भावकीत न्हाईत!"

"काय दाखवू नको बे! गपगुमान चालीव अन् गपगुमान ये. पोरगी चांगली हाय."

"म्हणून तर दाखवायचंय."

नवनाथनं त्याला पिकअपमधून घाटाखाली सोडलं. दारात गाडी उभी होती. कोरी करकरीत, बोनेटवर झेंडूचा हार. चपला काढायचा कायदा इथंही होता. आत्यानं सगळ्यांच्या चपला गोळा करून मागं आपल्या पायाशी ठेवल्या. मांडीवर भाचीसाठी काळ्या तिखटाचा डबा, वर्षभराचा. श्रीरंगराव पुढं बसले. सतीश रुबाबात ड्रायव्हरच्या सीटवर बसला, पाय सैल सोडले, आणि डाव्या पायानं क्लच चाचपला.

क्लच नव्हता.

त्यानं वाकून बघितलं. पेडल दोनच.

"मामा, क्लच कुठंय?"

"ह्या गाडीला नसतो. ऑटोमॅटिक हाय. आम्रपालीनंच निवडली. पायाला तरास न्हाई म्हणली."

वर्षभर दूध-बदाम खाऊन, जोर-बैठका मारून गडी फडात उतरावा आणि समोरच्यानं कॅरमबोर्ड मांडावा, तसं सतीशचं झालं. पण आता माघार कशी घ्यायची? उजव्या पायानं परिस्थिती मान्य केली. डाव्यानं केली नाही.

गाव संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मग पहिला स्पीड ब्रेकर आला. सतीशनं सवयीनं मनात म्हटलं, तिसऱ्यातून दुसऱ्यात, आणि डाव्या पायानं, अनेक दिवस विटेवर कमावलेल्या ताकदीनं, क्लच दाबला. क्लचच्या जागेपर्यंत पसरलेला तो ब्रेक होता.

गाडी जागच्या जागी खिळली. श्रीरंगरावांनी समोरच्या काचेला जवळून नमस्कार केला. मागं आत्याच्या मांडीवरच्या डब्याचं आणि झाकणाचं बिनसलं, झाकण एकीकडं गेलं आणि डबा दुसरीकडं. काळं तिखट मात्र सगळीकडं गेलं!

काचा बंद. एसी चालू. वर्षभराचं तिखट एका मिनिटात चौफेर फिरलं.

"काचा खोला! काचा खो... आक्छी!"

सतीशनं बटण दाबलं. वायपर चालू झाले. दुसरं दाबलं, हॉर्न... नाही, हॉर्न त्याच्या कपाळानं वाजला. कारण त्यालाही शिंक आली होती, आणि शिंकेबरोबर डावा पाय खाली गेला होता.

कशाबशा काचा उतरल्या, डोळे पुसले, गाडी पुढं निघाली. घाट लागला. पुढं पुन्हा उसाचा ट्रॅक्टर, बहुतेक तोच. सतीशच्या नाकात तिखट, डोळ्यात पाणी, शेजारी होऊ घातलेला सासरा! शिंक आली की पाय खाली, पाय खाली गेला की गाडी खिळायची, गाडी खिळली की उरलेलं तिखट उडायचं, आणि तिखट उडालं की पुन्हा शिंक. मागच्या गाड्यांनी बिचकून एवढं अंतर ठेवलं की मधे वरात बसली असती.

"झटका आला!" आत्या किंचाळली. "श्रीरंगा, पोराला झटका आला! परत आला बघ! डावा पाय बघ कसा ताठ हुतोय!"

"आत्या, झटका नाही, हे... आक्छी!"

"बोलू नका जावईबापू! गाडी कडंला घ्या! आधी कडंला घ्या!"

घाबरलेल्या अवस्थेतही तिनं आपल्याला जावई म्हटलं, हे सतीशच्या कानांनी टिपलं. त्या आनंदात त्यानं गाडी वळणावरच्या मोकळ्या जागेत नीट उभी केली. आणि तेवढ्यात त्याच्या नाकावर काहीतरी दाबलं गेलं.

झटका आलेल्या माणसाला चप्पल हुंगवायची, हे आपल्याकडं शाळेत न शिकवताही सगळ्यांना येतं. चपला आत्याच्या पायाशीच होत्या. तिनं हाताला लागली ती उचलली, सीटच्या मागून हात घातला आणि सतीशचं डोकं धरून त्याच्या नाकाला लावली. चप्पल त्याचीच होती. पिकअपमध्ये टोमॅटोवर पाय पडला होता, आणि तो टोमॅटो दोन दिवसांपूर्वीचा असावा.

"वड श्वास! आत वड!"

सतीशनं तोंडानं श्वास ओढायचा प्रयत्न केला. आत्यानं तोंडही झाकलं. तो पाय झाडू लागला. दोन्ही. "बघ, बघ, कसा तडफडतोय!" आत्या रडू लागली, चप्पल आणखी दाबून.

शेवटी श्रीरंगराव उतरले, फिरून आले आणि सतीशला हाताला धरून शेजारच्या सीटवर बसवून स्वतः स्टिअरिंगवर बसले.

"मामा, तुमचा हात..." सतीश म्हणाला.

"बरा झाला," श्रीरंगराव म्हणाले.

अंबाजोगाईपर्यंत आत्यानं चप्पल हातातच तयार ठेवली होती.

दवाखान्याच्या दारात तिघं उतरले ते लाल डोळ्यांनी, मुसमुसत, एकमेकांना धरून. दारातल्या माणसानं टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कुणी न्हाई," आत्या म्हणाली, "पर पोरगं वाईट अवस्थेत हाय."

आम्रपाली पांढऱ्या कोटात बाहेर आली. तिनं सतीशला कॉटवर बसवलं, पाय खाली सोडायला सांगितले आणि छोटी हातोडी घेतली. खोलीत श्रीरंगराव, आत्या आणि चप्पल. सतीशला तेव्हा कुठं उमजलं की हे सामान द्यायला आलेले नव्हते. सामान तोच होता.

तिनं डाव्या गुडघ्यावर हलकी टिचकी मारली. डावा पाय खाली गेला, आणि उजव्या पायाची टाच मुकाट्यानं बाहेर वळली.

तिनं पुन्हा मारली. पुन्हा तेच. ती वाकून बघत राहिली.

"असं मी पुस्तकात कुठंच वाचलेलं नाही," ती हळू म्हणाली. तिचा चेहरा गंभीर झाला होता. खरोखर काळजीत होती ती. "हे बघा, लपवू नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. ही हालचाल कधी होते? तेव्हा तुम्हाला काय होत असतं?"

सतीशनं तिच्याकडं बघितलं. खोटं बोलून एखादा सोपासा आजार सांगता आला असता. पण ती एवढ्या काळजीनं बघत असताना त्याला ते जमेना.

"गिअर उतरवत असतो," तो म्हणाला.

"काय?"

"गिअर. चौथ्यातून तिसऱ्यात."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. व्हिडिओ, वीट, पोळपाट, उंदराचा पिंजरा, सीताफळं, मुंग्या. मधे आत्या एकदा शिंकली.

"म्हंजी आजार न्हाई?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही, आत्या."

"मुद्दाम करतोस?"

"हो."

"मग आजारच बरा हुता की रं!" आत्यानं कपाळावर हात मारला. हातात चप्पल होती, हे ती विसरली होती. "आजाराला औषध तरी असतं!"

आम्रपाली अजून हसली नव्हती. तिनं हातोडी खाली ठेवली. "हे तुम्ही लोकांना हसवायला म्हणून करता का?"

"नाही," सतीश खाली मान घालून म्हणाला. "खरंच करत होतो."

मग मात्र ती हसली. भिंतीला टेकून, कोटाच्या बाहीनं डोळे पुसत हसली. तिखट आता तिच्याही डोळ्यात गेलं होतं, पण ते हसू तिखटाचं नव्हतं. श्रीरंगरावांनी बहिणीकडं बघितलं, बहिणीनं चप्पल खाली ठेवली.

"दाखवा कसं करतात," आम्रपाली म्हणाली. सतीशनं करून दाखवलं. तिनं नाक मुरडलं. "तुमचा घोटा आखडलाय. टाच वळवायची तर तुम्ही सगळा गुडघा फेकता. सराव करून करून चुकीचंच पक्कं केलंय." ती स्टुलावर बसली, सपाता काढल्या आणि उजव्या पायाचा चवडा तसाच ठेवून टाच अलगद बाहेर वळवली. पहिल्याच झटक्यात! म्हणजे झटक्याशिवाय. हुबेहूब व्हिडिओतले पाय.

सतीशला त्या क्षणी एकदमच दोन गोष्टी वाटल्या. एक, हिच्याशीच लग्न करायचं. दोन, पोळपाट आईला परत द्यायचा.

"पोरी, मग काय सांगायचं त्यांना?" आत्यानं विचारलं.

"पाय चांगले आहेत, आत्या. डोकंही चालेल. फक्त दोन्ही एकदम वापरू द्यायचं नाही."

लग्न झालं. अट एकच होती आणि ती आत्यानं सुपारी फोडतानाच सगळ्यांसमोर बोलून घेतली, पोरगा गाडी चालवणार नाही. गाडी आम्रपाली चालवणार, पोरगा शेजारी बसणार, हात मांडीवर.

अट सतीश काटेकोर पाळतो. परवा गाडी पुसताना शहादेवांना दिसलं की ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट कोरी आहे, आणि शेजारच्या सीटखालची मॅट दोन ठिकाणी आरपार झिजलीय.

"गाडी सूनबाई चालवती. मग ही इकडची कावून फाटली?" त्यांनी विचारलं.

"हलक्या मालाची असेल, दादा," सतीश म्हणाला.

गेल्या रविवारी सगळे घाटाखाली चालले होते. चपला डिक्कीत, मालनबाईंच्या मांडीवर सीताफळं. वळणावर पुढं उसाचा ट्रॅक्टर आला. आम्रपालीनं गप्पा मारता मारताच चौथ्यातून तिसरा टाकला. तुपात बोट बुडवावं तसा बसला. पाटीतलं एक फळ हललं नाही.

"बघ!" मागून शहादेव म्हणाले. "ह्याला म्हणत्यात चालवणं! उपद्व्याप न्हाई, काय न्हाई!"

शेजारी बसलेल्या सतीशनं आपल्या बाजूचा क्लच हळूच सोडला.